तडा, लहर आणि प्रतिबल : कोयना-वारणा परिसराच्या निमित्ताने

कोयना धरणाच्या काँक्रीटला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे जे तडे गेले, ते धरणाच्या पायथ्याशी गेले नाहीत. पाण्याचा दाब सर्वांत अधिक असतो तो पायथ्याशी. वरच्या भिंतीचा सारा भार येतो तो पायथ्यावर. भूकंपाचा धक्काही चढतो तो पायथ्यातूनच. तेव्हा जे काही मोडावयाचे ते तेथे मोडावे, अशी सामान्य बुद्धीची अपेक्षा. प्रत्यक्षात सुमारे १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला आडवे तडे गेले ते माथ्यापासून साधारणतः ३६ मीटर खाली, म्हणजे उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांशावर. पाण्याच्या विरुद्ध अंगाची जी कोरडी बाजू, ती वरून जवळजवळ उभी खाली येते आणि ज्या रेषेवर एकाएकी उतरती होते, नेमकी ती ही रेषा होय. ज्या खंडांवरून पाणी सोडले जात नाही अशा उंच खंडांपैकी अनेकांत हे तडे आढळले, आणि काही ठिकाणी त्यांतून पाणीही पाझरू लागले. ह्या एका वस्तुस्थितीचा उलगडा करावयाचा तर घन पदार्थातून लहरी कशा जातात, तड्याच्या टोकाशी प्रतिबल कसे एकवटते आणि ह्या दोहोंची गाठ पडली म्हणजे काय होते, हे क्रमाने पाहावे लागते. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

विषय पदार्थविज्ञानाचा आणि लेखक भाषाशास्त्राचा, हे किंचित विसंगत वाटेल. तथापि ह्या विषयावर मराठीत लिहू लागले की पहिली अडचण येते ती गणिताची नसून शब्दांची, आणि ती दूर केल्यावाचून पुढचे विवेचन उभे राहत नाही. म्हणून शब्दांपासूनच आरंभ करणे सोयीचे.

बोलीत आपण 'ताण' हा एकच शब्द तीन अर्थांनी वापरतो. दोर ओढला म्हणजे त्यावर ताण येतो. दोर लांबतो त्यालाही ताणणे म्हणतात. आणि खांबावर छताचा भार आला तरी 'खांबावर ताण येतो' असे म्हणावयास आपण कचरत नाही, वास्तविक तेथे ओढ नसून दाब असतो. शास्त्रीय मराठीने ह्या तिहींना वेगळे केले आहे. पदार्थाच्या अंतर्भागात कल्पिलेल्या एखाद्या छेदावर, दर एकक क्षेत्रफळामागे, एका बाजूचे कण दुसऱ्या बाजूच्या कणांवर जो जोर लावतात ते 'प्रतिबल'. त्या जोरामुळे पदार्थाच्या मापात किंवा आकारात जो प्रमाणशीर फरक पडतो ती 'विकृती'. आणि प्रतिबल ओढणारे असेल तर ते 'ताण', रेटणारे असेल तर 'दाब', एका थराला दुसऱ्यावरून सरकवू पाहणारे असेल तर 'कर्तन'. विकृती ह्या शब्दाला नित्याच्या मराठीत जो दोषाचा वास आहे तो येथे मनात आणू नये. काठी वाकते ती तिची विकृती; सोडल्यावर ती पुन्हा सरळ झाली तर काठी निर्दोषच. अशा परत येणाऱ्या विकृतीस स्थितिस्थापक विकृती म्हणतात, आणि तीच पदार्थातून प्रवास करू लागली म्हणजे स्थितिस्थापक लहर उत्पन्न होते.

दुसरी शब्दांची गोष्ट तड्याविषयी. मराठीत भेग 'पडते', चीर 'पडते', फट 'राहते'. पण तडा 'जातो'. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, सुताराच्या जोडकामात फट राहते, काचेला मात्र तडा जातो. क्रियापदांची ही निवड यदृच्छेने झालेली नाही. भेग हळूहळू रुंदावते. तडा एका टोकाकडून दुसरीकडे धावतो, आणि धावताना आवाज करतो. तडा, तडकणे, तडतड हे शब्द कानाला एकाच घरचे वाटतात. मराठी भाषकाने ह्या शब्दाशी गती आणि ध्वनी ह्या दोन्ही गोष्टी बांधून ठेवल्या आहेत, आणि ध्वनी म्हणजे तरी काय, तर स्थितिस्थापक लहरच. शास्त्रास जे सांगावयाचे आहे त्यातील अर्धा भाग असा क्रियापदात येऊन बसलेला आहे. उरलेला अर्धा भाग मात्र शब्दाच्या भरवशावर सोडता येत नाही.

प्रथम लहरी बाजूस ठेवून स्थिर भाराचा विचार करू. एक रुंद पाटी दोन्ही टोकांनी सारख्या जोराने ओढली आहे. पाटी अखंड असेल तर प्रतिबल सर्वत्र सारखे. तिच्या मध्यभागी वाटोळे छिद्र पाडले तर ह्या जोराच्या रेषांना छिद्राला वळसा घालावा लागतो, आणि वळशाच्या जागी त्यांची दाटी होते. नदीच्या पात्रात पुलाचा खांब आला म्हणजे पाणी त्याच्या दोन अंगांनी जोरात वाहते, तसेच हे. किर्श ह्या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये दाखवून दिले की, वाटोळ्या छिद्राच्या कडेशी प्रतिबल मूळच्या तिप्पट होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : हे तिप्पट प्रमाण छिद्र लहान की मोठे ह्यावर अवलंबून नसते. सुईच्या अग्राएवढे छिद्र असो की घागरीच्या तोंडाएवढे, पाटी पुरेशी रुंद असली म्हणजे प्रमाण तेच.

छिद्र वाटोळे नसून लांबट असेल तर मात्र चित्र पालटते. केंब्रिजचे इंग्लिस ह्यांनी जहाजांच्या पत्र्यांतील तड्यांच्या संदर्भात १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार छिद्राचे गणित मांडले. छिद्राची लांबी ओढीच्या दिशेला काटकोनात असेल, तर त्याच्या टोकाशी प्रतिबल किती पटींनी वाढते? लांबीला रुंदीने भागावे, त्याची दुप्पट करावी आणि त्यात एक मिळवावा. लांबी रुंदीच्या दसपट असेल तर टोकाशी प्रतिबल एकवीसपट होते. हेच सूत्र टोकाच्या वक्रतेच्या भाषेतही सांगता येते : छिद्राच्या अर्ध्या लांबीला टोकाच्या वक्रता-त्रिज्येने भागावे, वर्गमूळ काढावे, दुप्पट करून एक मिळवावा. एक मीटर लांबीच्या तड्याचे टोक एक मिलिमीटर त्रिज्येचे असेल तर प्रतिबल सुमारे ४६ पट होते. त्याच तड्याच्या टोकाशी पाच सेंटिमीटर त्रिज्येचे भोक पाडून ते टोक बोथट केले, तर ते सुमारे सातपटीवर उतरते. पत्र्याला गेलेला तडा पुढे सरकू नये म्हणून कसबी कारागीर त्याच्या टोकाशी भोक पाडून ठेवतो. भोक पाडले म्हणजे पत्रा दुबळा होतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात येथे तोच त्याचा बचाव असतो.

इंग्लिस ह्यांच्या सूत्रात एक पेच आहे. खऱ्या तड्याचे टोक जवळजवळ शून्य त्रिज्येचे असते. मग प्रतिबल अनंत व्हावयास हवे, आणि तडा गेलेली कोणतीही वस्तू हात लावताच दुभंगली पाहिजे. तसे होत नाही. तडा गेलेली कपबशी आपण वर्षानुवर्षे वापरतो. हा पेच ग्रिफिथ ह्यांनी काचेवरील आपल्या १९२१ मधील प्रसिद्ध निबंधात सोडविला. टोकावरील प्रतिबलाऐवजी त्यांनी ऊर्जेचा हिशेब मांडला. तडा थोडा पुढे सरकला म्हणजे पदार्थात साठलेली काही स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी होते. उलट, दोन नवे पृष्ठभाग उघडण्यास काही ऊर्जा खर्ची पडते. जमा खर्चाहून अधिक झाली की तडा जातो, एरवी तो जागीच राहतो. ह्या हिशेबातून निघणारा नियम असा की, तडा चौपट लांब असेल तर तो पुढे जाण्यास निम्मेच प्रतिबल पुरते. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतील अर्विन ह्यांनी हाच विचार अभियंत्यांना हाताळता येईल अशा रूपात आणला. दूरचे प्रतिबल आणि तड्याच्या लांबीचे वर्गमूळ ह्यांच्या गुणाकाराशी प्रमाणबद्ध अशी एक राशी त्यांनी योजिली. तिला आपण 'प्रतिबल-तीव्रता' म्हणू. प्रत्येक पदार्थाची ती सोसण्याची एक मर्यादा असते. 'धरणाला तडा आहे काय?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. तडा किती लांब आहे, त्याची दिशा भाराशी कोणता कोन करते, आणि पदार्थाची मर्यादा किती, ही तीन उत्तरे हाती आल्यावाचून भीती किंवा निर्धास्तपणा ह्यांपैकी एकालाही आधार नाही. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेस मिळते व सांगलीवरून पुढे जाते. ह्या नदीकाठच्या वस्तीला 'तडा' हा शब्द ऐकवताना तो ह्या तीन उत्तरांसह ऐकवला जावा, एवढी अपेक्षा जाणत्यांकडून करणे गैर नव्हे.

आता लहरींकडे वळू. घन पदार्थाच्या अंतर्भागातून दोन प्रकारच्या लहरी जातात. पहिलीत कण लहरीच्या दिशेनेच पुढेमागे होतात. पदार्थ आळीपाळीने दबतो आणि ताणला जातो. तिला दाबलहर म्हणू. दुसरीत कण लहरीच्या दिशेस काटकोनात हलतात, ती कर्तनलहर. आपल्याकडील घट्ट काळ्या पाषाणात दाबलहर सेकंदास पाच ते सहा किलोमीटर, आणि कर्तनलहर सुमारे तीन किलोमीटर वेगाने जाते. चांगल्या काँक्रीटमध्ये दाबलहरीचा वेग चार किलोमीटरच्या आसपास. ह्यांखेरीज पृष्ठभागाला चिकटून जाणारी एक लहर आहे. रॅले ह्यांनी १८८५ मध्ये तिचे गणित केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा वेग कर्तनलहरीहून किंचित कमी. तड्याचे दोन काठ हेही पृष्ठभागच असल्याने ही रॅले-लहर तड्याच्या काठांवरूनही धावते, हे पुढे उपयोगी पडेल.

लहर आपल्याबरोबर किती प्रतिबल नेते? पदार्थाची घनता, लहरीचा वेग आणि कणांचा वेग ह्या तिहींचा गुणाकार म्हणजे ते प्रतिबल. काँक्रीटचे कण सेकंदास केवळ दहा सेंटिमीटर वेगाने हलले, तरी दाबलहरीतील प्रतिबल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलोग्रॅम भरते. काँक्रीटला दाब सोसण्याची शक्ती ह्याच्या कित्येक पट असते, पण ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या मानाने साधारणतः दहावा हिस्साच. आणि दाबलहर मोकळ्या पृष्ठावर आदळून परतते ती ताणाची लहर होऊन. हॉपकिन्सन ह्यांनी १९१४ मध्ये हे प्रयोगाने स्पष्ट केले : पोलादी पाट्याच्या एका अंगास स्फोट केला असता तुकडा उडतो तो दुसऱ्या अंगाचा. सातारा-सांगलीकडच्या दगडखाणीतून सुरुंगाने फुटणारा पाषाण हाही बहुतांशी ताणानेच फुटत असतो. दाबाने तो सहसा हार मानीत नाही.

लहर तड्यापाशी आली म्हणजे काय होते? तड्याच्या काठांमध्ये पोकळी आहे. तेथून ताण पलीकडे जाऊ शकत नाही. काही लहर मागे फिरते, काही टोकांना वळसा घालून विखुरते, आणि काही काठांवरून रॅले-लहर होऊन धावू लागते. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. धड मडके खणखणते. ज्याला बारीकसाही तडा गेला आहे ते बद्द वाजते. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला कळतो, कारण टिचकीने उठलेली लहर त्या तड्यापाशी विखुरते आणि काठांच्या घर्षणात विरून जाते. धरणाच्या काँक्रीटमधून उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी धाडून तिच्या वेगावरून आतील दोष शोधतात, ती ह्याच परीक्षेची सुधारलेली आवृत्ती होय.

मडके वाजविणाराला लहरीचे काय झाले एवढे कळले की पुरते. आपल्याला मात्र तड्याचे काय झाले हे पाहावयाचे आहे. १९६० ते १९७५ च्या दरम्यान सिह, लोबर, फ्रॉइंड इत्यादी संशोधकांनी ह्या प्रश्नाचे गणित पुष्कळ अंशी पुरे केले. त्याचा मथितार्थ असा. एकाएकी येणारी ताणाची लहर तड्यावर आदळली की पहिल्या क्षणी टोकापाशी फारसे काही घडत नाही. त्यानंतर प्रतिबल-तीव्रता काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढू लागते. ह्या अवधीत एका टोकास दुसऱ्या टोकाचे अस्तित्व ठाऊक नसते, कारण तिकडची वार्ता घेऊन निघालेली रॅले-लहर अद्याप पोचलेली नसते. ती पोचेपर्यंत तीव्रता वाढत जाते, आणि तितक्याच स्थिर भाराने जी तीव्रता आली असती तिच्याही पलीकडे, पावपट ते तिसरा हिस्सा अधिक, एवढी ती चढते. मग खाली येऊन स्थिर मूल्याभोवती डोलत राहते. घणाचा घाव आणि तेवढ्याच जोराचा संथ रेटा ह्यांत पाथरवट जो भेद मानतो, त्याचे एक कारण हे आहे.

परंतु हे वाढलेले प्रमाण सरसकट लावणे चूक होईल. येथे सारा प्रश्न मापांचा आहे : लहरीची लांबी किती, आणि तड्याची लांबी किती? तडा लहरीच्या मानाने अगदी लहान असेल, तर काठांवरून रॅले-लहर शेकडो फेऱ्या मारून येते तोवर भार फारसा बदललेलाच नसतो. तड्याच्या दृष्टीने तो भार स्थिरच. ग्रिफिथ-अर्विन ह्यांचे जुने नियम जसेच्या तसे लागू पडतात. तडा आणि लहर तुल्यबळ लांबीची असतील तरच उपरोक्त चढाव पुरता अनुभवास येतो. पाथरवटाच्या दगडात असेच असते : अर्ध्या मीटरचा दगड दाबलहर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात ओलांडते, आणि छिन्नीवरील घावाचा अवधीही त्याच्या फार पलीकडचा नसतो.

ह्या मापाने कोयनेच्या धरणाकडे पाहू. तेथे भूकंपमापक यंत्राने धरणाच्या एका खंडातच नोंद घेतली, आणि ती जगातील अभियंत्यांच्या नित्य वापरातील एक नोंद होऊन बसली आहे. गुरुत्वीय त्वरणाच्या मानाने मोजल्यास धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३, आडव्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ अशी कमाल त्वरणे तीत आढळतात. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी ०.०५ हा गुणांक धरलेला होता, तोही स्थिर भार मानून. (हे दोन आकडे शेजारी ठेवून दहापटीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा, क्षणिक कमाल त्वरण आणि आराखड्यातील स्थिर गुणांक ह्या एका जातीच्या राशी नव्हेत.) आता मापे पाहा. सेकंदास तीन आंदोलने करणारी दाबलहर काँक्रीटमध्ये एक किलोमीटरहून लांब असते. धरण १०३ मीटर उंच, आणि त्यातील संभाव्य तडा फार तर काही मीटर. तेव्हा लहर तड्यावर घणासारखी आदळली आणि म्हणून तो गेला, हे स्पष्टीकरण येथे टिकत नाही.

मग काय घडले? लहर पायथ्यातून माथ्यापर्यंत सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शात पोचते, परतते, पुन्हा चढते. ह्या येरझाऱ्यांतून सबंध भिंत आपल्या स्वाभाविक आवर्तकालाने डोलू लागते. कोयनेच्या उंच खंडांचा तो आवर्तकाल सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांश, आणि जलाशय भरलेला असता त्याहून काहीसा अधिक. त्या पहाटेच्या भूकंपात जलद आंदोलनांचे प्राबल्य असल्याने भिंतीला आपल्या तालाचे झोके पुरेपूर मिळाले. डोलणाऱ्या भिंतीचा माथा सर्वांत अधिक हलतो. हे धरण आरंभी दोन टप्प्यांत बांधावयाचे होते. बांधकाम चालू असता ते एकदम पुऱ्या उंचीचे करण्याचे ठरले, आणि त्यामुळे त्याच्या छेदाला रूढ त्रिकोणी धरणांहून वेगळा आकार आला. वरचा भाग जड, त्याखाली एकोणीस-वीस मीटर रुंदीची मान, आणि त्याखाली एकदम पसरत जाणारा पायथा. मानेच्या ठिकाणी कोरड्या बाजूस आत वळलेला कोपरा. आणि कोपरा म्हणजे इंग्लिस ह्यांच्या दृष्टीने बोथट तडाच. अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती ह्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिताने दाखविले की, प्रत्यक्ष नोंदलेला भूकंप ह्या आकाराच्या भिंतीस लावला असता, काँक्रीट सोसू शकेल त्याहून अधिक ताण नेमका ह्याच पातळीवर, दोन्ही बाजूंना उत्पन्न होतो. स्थिर गुणांकाच्या पद्धतीने मात्र ही जागा मुळीच धोक्याची दिसत नाही.

येथे लहरीने तडा निर्माण केला तो थेट घाव घालून नव्हे. तिने भिंतीस डोलविले, भिंतीच्या आकाराने ते डोलणे मानेशी आणले, कोपऱ्याने ते एका रेषेवर एकवटले, आणि मग त्या रेषेवरील एखाद्या सूक्ष्म दोषाने ग्रिफिथचा हिशेब पुरा केला. ह्या चार पायऱ्यांपैकी एकही गाळली तर माथ्यापासून ३६ मीटर ही जागा का, ह्याचे उत्तर मिळत नाही. ह्यात आणखी एक भर आहे. पाण्याच्या बाजूस तडा उघडला की त्यात पाणी शिरते. भरल्या जलाशयात मानेच्या पातळीवर सुमारे २५ मीटर पाण्याचा दाब असतो; तो तड्याच्या दोन्ही काठांना पाचरीसारखा दूर रेटतो, आणि लहर निघून गेली तरी तो राहतोच.

भूकंपानंतर जी दुरुस्ती झाली तीही ह्या विवेचनाच्या उजेडात वाचता येते. तडे बुजविणे हे काठ पुन्हा जोडणे झाले. भिंतीच्या आत विंधलेली भोके शिरलेल्या पाण्याचा दाब उतरविण्यासाठी. पोलादी दोरखंड ताणून बसविले ते भिंतीला कायम दाबाखाली ठेवण्यासाठी, कारण जेथे आधीच दाब आहे तेथे ताण उत्पन्न होण्यापूर्वी तो दाब संपावा लागतो. पुढे कोरड्या बाजूस टेकू उभारून १९७३ पर्यंत न-सांडव्याचा भाग भक्कम करण्यात आला. त्याने मान रुंदावली आणि डोलण्याचा ताल व कोपरा दोन्ही बदलले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण २००६ मध्ये झाले.

आतापर्यंत एका तड्याचा विचार झाला. पण ज्या लहरींनी धरण डोलले त्या आल्या कोठून? त्याही तड्यातूनच आल्या. जमिनीखाली, दहा-बारा किलोमीटरच्या आतील खोलीवर, उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेने जाणाऱ्या एका जवळजवळ उभ्या विभंगावर खडकाची एक बाजू दुसरीवरून आडवी सरकली, आणि ६.३ प्रतीचा तो भूकंप झाला. त्यात सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. विभंग हाही तडाच होय, परंतु तो उघडत नाही. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोग्रॅमहून अधिक असतो. काठ एकमेकांवर घट्ट दाबलेले. तेथे तडा जातो तो कर्तनाने, घर्षणाला हरवून. जो भाग सरकला तेथील प्रतिबल उतरते, आणि उतरलेला भार सरकलेल्या भागाच्या कडेला, म्हणजे तड्याच्या टोकाशी, जाऊन साचतो. इंग्लिस ह्यांच्या पाटीतील जोराच्या रेषा छिद्राच्या टोकाशी दाटतात, तोच हा प्रकार. फक्त ओढीच्या जागी कर्तन आले.

आणि येथे मापांचा प्रश्न उलटा होतो. ह्या प्रतीच्या भूकंपात विभंगाचा सरकणारा भाग साधारणतः दहा-वीस किलोमीटर लांब असतो. सेकंदास एक आंदोलन करणारी कर्तनलहर खोल खडकात साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तडा लहरीहून लांब आहे. धरणात जो गतिजन्य चढाव नगण्य ठरला तो येथे मुख्य होतो. तड्याचे टोक सेकंदास दोन-तीन किलोमीटर वेगाने धावत असते, आणि त्याने उत्पन्न केलेल्या कर्तनलहरी त्याच्या किंचित पुढे धावत असतात. अद्याप न सरकलेल्या खडकावर त्या आधीच प्रतिबल चढवून ठेवतात, मागून टोक येऊन पोचते. तडा आपल्याच लहरींच्या साहाय्याने पुढे जातो. तो कोठे थांबतो, ह्यावर भूकंप केवढा होणार हे ठरते.

जलाशयाचा ह्यात वाटा काय, ह्याविषयी १९६७ नंतर पुष्कळ वाद झाला. शंभर मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोग्रॅम. पाच किलोमीटर खोलीवरच्या खडकाच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्याने डोंगर कसा हलेल, हा आक्षेप पहिल्या ऐकण्यात बिनतोड वाटतो. परंतु तो तड्याचे गणित विसरतो. विभंग आधीच सरकण्याच्या बेतात असेल, तर प्रश्न पाण्याचा भार एकूण दाबाच्या किती हिस्सा आहे हा नसून, सरकण्यास किती थोडे उणे होते हा असतो. शिवाय पाणी खडकांच्या सांध्यांतून खाली झिरपते, आणि विभंगाच्या काठांमधील त्याचा दाब काठांना एकमेकांवर दाबणाऱ्या भाराचा तेवढा भाग नाहीसा करतो. घर्षण कमी होते. मानेच्या तड्यात शिरणाऱ्या पाण्याची जी पाचर आपण पाहिली, तिचेच हे खोलवरचे रूप. पाणी भूकंप 'घडवीत' नाही, ते साठलेल्या प्रतिबलास वाट मोकळी करून देते, हा भेद राखण्यासाठी इंग्रजी लेखकांनी क्रियापद बदलले; मराठीत 'धरणामुळे भूकंप होतो' ह्या वाक्यातील 'मुळे' हा प्रत्यय ते दोन्ही अर्थ एकाच झाकणाखाली ठेवतो.

सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील चांदोली येथे वारणेचे पाणी १९८५ पासून अडविण्यात येऊ लागले, आणि कोयनेच्या दक्षिणेकडील ह्या भागातही भूकंपांची संख्या वाढली. १९९३-९४ च्या हिवाळ्यात तेथे पाचाहून अधिक प्रतीचे भूकंप झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याची पातळी, ती चढण्याचा वेग आणि ती वर राहण्याचा काळ ह्यांचा भूकंपांशी संबंध तपासला आहे. चांदोलीचे धरण प्रामुख्याने मातीचे. त्यात काँक्रीटसारखा ठिसूळ तडा जाण्याचा प्रश्न वेगळा, आणि त्याचे शास्त्रही वेगळे. विभंगाचे शास्त्र मात्र दोन्ही खोऱ्यांत एकच.

हा सारा विचार दूरवरून, लहरींच्या नोंदींवरून केलेला. विभंगाजवळच्या खडकातील प्रतिबल, तापमान आणि पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजावयाचे तर तेथवर पोचले पाहिजे. त्या उद्देशाने केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा स्थापिली, आणि कोयना परिसरातील गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक वेधन २०१७ मध्ये पुरे झाले. काळा पाषाण तेथे सव्वा किलोमीटरच्या सुमारास संपतो; त्याखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जुना ग्रॅनाइटी खडक लागतो, आणि विभंग सरकतात ते बहुतांशी त्या खडकात. छिद्राच्या भिंतीवर कोणत्या दिशेस बारीक चिरा पडतात आणि कोणत्या दिशेस कपचे निघतात, ह्यावरून तेथील प्रतिबलाची दिशा ओळखता येते. वाटोळ्या छिद्राच्या कडेशी प्रतिबल तिप्पट होते हे किर्श ह्यांचे १८९८ मधील गणितच त्यासाठी वापरले जाते.